घरातलं माणूस बदलू लागतं तेव्हा घराने काय करायचं?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक बातमी हमखास असते. आई आणि मुलगा एकाच वर्षी पास झालेले असतात. एखाद्या वर्षी सासू आणि सून. सोबत पेढा भरवतानाचा फोटो. वाचून मन भरून येतं, आपण ती बातमी चार ग्रुपवर पाठवतो. पण चाळिशीतली बाई सतरा नंबरचा फॉर्म भरते (म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसते) त्या दिवसापासून शेवटच्या पेपरापर्यंत त्या घरात रोज संध्याकाळी काय चाललं होतं, हे बातमीत येत नाही. सात ते नऊ ती बीजगणित घेऊन बसली तेव्हा पोळ्या कोणी केल्या? "आता या वयात कशाला?" असं कोण म्हणालं? आणि तसं म्हणणारं माणूस तिच्यावर जीव टाकणारंच होतं, हे कसं?

शिक्षण असो, दारू सोडणं असो, नोकरी बदलणं असो किंवा तापट स्वभाव आवरणं, जवळच्या माणसाच्या बदलाला घरातूनच सगळ्यात मोठी मदत होते आणि सगळ्यात चिवट अडथळाही घरातूनच येतो. मानसशास्त्रात यावर गेली साठ-सत्तर वर्षं बरंच काम झालं आहे. त्यातून मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं: साथ द्यायची म्हणजे त्या माणसाला ढकलण्याआधी आपण स्वतः थोडं सरकायचं.

एकजण बदलतो, मग बाकीचे का अस्वस्थ होतात?

कावड खांद्यावर घेऊन चालणारा माणूस आठवा. एका बाजूची घागर थोडी जरी रिकामी झाली तरी त्याला दांडी खांद्यावर सरकवावी लागते, नाहीतर तोल जातो. घराचंही तसंच आहे. कोण लवकर उठतं, कोण पैसे सांभाळतं, कोण चिडतं आणि कोण समजूत काढतं, हे सगळं कधी न ठरवता ठरून गेलेलं असतं. डॉन जॅक्सन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1957 साली हे नेमकेपणाने मांडलं. रुग्ण बरा होऊ लागला की घरातल्या दुसऱ्याच कोणाची तब्येत किंवा मन बिघडतं, असं त्यांना दिसत होतं. कुटुंब आपला जुना समतोल टिकवायला धडपडतं, आणि ही धडपड कोणी मुद्दाम करत नाही.

आपल्याकडचं उदाहरण रमाबाई रानड्यांचं. 1873 साली, अकराव्या वर्षी त्यांचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं आणि रानड्यांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. घरातल्या मोठ्या बायकांना ते रुचलं नाही. टोमणे, अबोला, धाक, सगळं झालं. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. आज आपण त्या बायकांना सरळ खलनायिका ठरवून मोकळे होतो, पण त्यांच्या बाजूने जरा बघू या. सुनेने स्वयंपाकघरात कुठे बसायचं, कोणाच्या हाताखाली काम करायचं, कोणाचा शब्द शेवटचा, यावर त्यांचा सगळा मान उभा होता. सून पाटी घेऊन बसली तर तो मानच डळमळणार. भीती खरी होती, फक्त ती चुकीच्या माणसावर निघत होती.

"आता या वयात कशाला?" या वाक्यात पुष्कळदा हीच भीती बोलत असते. "तू शिकलीस तर माझं घरातलं स्थान काय?" हे तोंडाने म्हणता येत नाही, म्हणून वयाचा विषय निघतो.

"भल्यासाठीच सांगतो, तरी ऐकत का नाही?"

जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने 1966 साली याचं उत्तर दिलं. आपलं स्वातंत्र्य कोणीतरी काढून घेतंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला बघतो, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे सांगितल्याच्या उलट वागणं. याला 'रिॲक्टन्स' म्हणतात. आपण याला अंगात हट्ट शिरणं म्हणू. सल्ला चांगला आहे की वाईट याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो, तो कोणत्या सुरात आला याच्याशी असतो.

यात अजून एक गाठ आहे. बदलायची इच्छा असलेल्या माणसाच्या मनात जवळजवळ नेहमीच दोन्ही बाजू असतात. सोडावंसंही वाटतं, सोडवतही नाही. तुम्ही एक बाजू घट्ट धरलीत की त्याच्या वाट्याला दुसरी बाजू येते आणि तो तिचीच वकिली करू लागतो. हा संवाद बघा.

"सोडा की हो ती तंबाखू. किती वेळा सांगायचं?"

"तुला काय कळणार. दिवसभर मशीनवर उभं राहून बघ एकदा."

आता तंबाखूचे फायदे त्यांनीच मोजून दाखवले, स्वतःच्या कानाने ऐकले, आणि ते अजून पक्के झाले. तेच जरा वेगळ्या तऱ्हेने:

"सोडावीशी वाटते का हो कधी?"

"वाटते ना. नातीला जवळ घ्यायला जातो तर ती तोंड फिरवते, वास येतो म्हणते."

"मग?"

"मग काय. सकाळची पहिली तेवढी सुटत नाही. बाकीची सोडता येईल."

दुसऱ्या संवादात बायकोने एकही सल्ला दिला नाही. कारण त्यांच्याच तोंडून आलं, आणि अडचण नेमकी कुठे आहे तेही कळलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली व्यसनमुक्तीसाठी बोलण्याची जी पद्धत मांडली तिचा गाभा हाच आहे: कारणं त्या माणसाच्या तोंडून यावीत आणि आपण ती नीट ऐकावीत. दारूच्या समस्येवर मदत घेणाऱ्यांचा मिलर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. समुपदेशकाने समोरच्याला जितकं फैलावर घेतलं, तितकं तो वर्षभरानंतर जास्त पीत असल्याचं त्यात आढळलं. शिकलेल्या समुपदेशकाच्या बोलण्याचा असा परिणाम होत असेल, तर रात्री अकराला दमलेल्या बायकोने किंवा चिडलेल्या बापाने सुनावलेल्या शब्दांचा काय होत असेल?

"पण ढकलल्याशिवाय कोणी बदलतं का?"

हा आक्षेप आपल्याकडे नावासकट येतो. गोपाळराव जोशींनी सक्ती केली नसती तर आनंदीबाई डॉक्टर झाल्या असत्या का?

प्रश्न रास्त आहे. नवव्या वर्षी लग्न झालेल्या त्या मुलीच्या हातात पुस्तक दिलं गोपाळरावांनीच, आणि जबरदस्तीनेच. पुढे आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या पत्रात लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण काढली आहे, आणि ती गौरवाने काढलेली नाही. पण डॉक्टरच व्हायचं, हे त्यांनी जगाला कसं समजावलं ते बघा. त्यांचं बाळ जेमतेम दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. 1883 साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या सेरामपूरला, भर सभेत उभं राहून त्यांनी आपण अमेरिकेला का चाललो आहोत ते सांगितलं: हिंदुस्थानात बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, पुरुष डॉक्टरकडे जायला बायका धजत नाहीत. हे कारण त्यांचं स्वतःचं होतं. फिलाडेल्फियाच्या थंडीत, आजारी शरीराने, 1886 साली पदवी हातात येईपर्यंत त्या टिकल्या त्या या कारणावर, असं मला वाटतं. नवऱ्याचा धाक हजारो मैलांवरून इतकं पुरत नाही. आणि धाकाने जे दुखावलं गेलं ते त्या विसरल्या नाहीत, हे पत्र सांगतं.

अमेरिकेत स्टीफन ड्रिगोटास, कॅरिल रझबल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली जोडप्यांवरचे अभ्यास प्रसिद्ध केले. आपल्याला स्वतःला जसं व्हायचं आहे तसंच जोडीदार आपल्याला बघतो आणि तसंच वागवतो, असं असेल तर माणूस खरोखर त्या दिशेने जातो आणि नातंही सुखाचं होतं. दगडात दडलेली मूर्ती मोकळी करणाऱ्या मायकेलअँजेलो या शिल्पकाराचं नाव त्यांनी याला दिलं. यातली कळीची अट अशी की चित्र ज्याचं त्याचं हवं. बापाला मुलगा इंजिनिअर व्हावासा वाटतो आणि मुलाला शेती करायची आहे, तर बापाने कितीही कष्ट उपसले तरी ती मुलाच्या वाढीला दिलेली साथ होत नाही.

मदत दिसायलाच हवी का?

आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. नवरा मनापासून खूश. नवी पुस्तकं आणली, टेबल-लॅम्प आणला, आणि आल्यागेल्याला सांगू लागला, "हिची दहावी चाललीय बरं का!" पाहुण्यांसमोर विचारायचा, "आज किती धडे झाले?" वहिनी हसायच्या, पण पाहुणे गेले की बराच वेळ पुस्तक उघडायच्या नाहीत. सासूबाई मात्र या विषयावर चकार शब्द काढत नसत. त्यांना हे पसंत नाही, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं. मग वहिनींच्याच लक्षात आलं की रात्री मटकी भिजत घातलेली असते, दूध तापवून झाकलेलं असतं, आणि सकाळचा डबा भरायला घेतला की भाजी आधीच चिरलेली असते. बीजगणिताचं पुस्तक फ्रिजवर राहिलं तर ते कोणीतरी खिडकीपाशी, त्या बसतात तिथे, आणून ठेवलेलं असायचं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला झोप येत नाही गं, हात रिकामे असतात."

नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली नेमकं हेच तपासलं. न्यूयॉर्कमध्ये वकिलीची परीक्षा देणारे आणि त्यांचे जोडीदार, दोघांनीही रोज नोंदी ठेवल्या: आज आधार दिला का, आज आधार मिळाला का. जोडीदार म्हणतो दिला, पण परीक्षा देणाऱ्याला तो जाणवलाच नाही, असा आधार सगळ्यात गुणकारी ठरला. जाणवणाऱ्या आधाराच्या दिवशी उलट मन जास्त खट्टू असल्याचं दिसलं. कारण समजण्यासारखं आहे. ठळक मदतीबरोबर दोन ओझी येतात: आपल्याला एकट्याने जमत नाही ही जाणीव, आणि उपकाराचं देणं. पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करत बसलेल्या मुलामुलींना गावाकडून रोज फोन येतो, "झाला का अभ्यास? आम्ही इकडे पोटाला चिमटा काढतोय." त्या फोनमागे माया असते, पण त्या फोननंतर पुस्तक जड होतं.

म्हणजे कौतुक करायचंच नाही का? करायचं, आणि भरभरून करायचं. पण ते त्या माणसाने स्वतःहून काही आनंदाने सांगितलं तेव्हा. शेली गेबल यांनी 2004 पासून जे अभ्यास केले त्यांत दिसलं की चांगली बातमी सांगणाऱ्याला आपण कसा प्रतिसाद देतो यावर नात्याचा कस बराचसा ठरतो. "मला आज समीकरण सुटलं" असं कोणी म्हणालं तर मोबाइल खाली ठेवून "कुठलं? दाखव बघू," म्हणणं हा खरा प्रतिसाद. "छान" म्हणून मान खाली घालणं हा तुटपुंजा. आणि "भूमिती अजून राहिलीय ना?" हा तर पाणी ओतणाराच.

"बदलून ती आपल्यापासून दूर गेली तर?"

ही भीती नवऱ्यांना असते, आयांना असते, जुन्या मैत्रिणींनाही असते. ब्रुक फीनी यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडप्यांना काही महिने पारखलं. ज्यांचा जोडीदार गरजेच्या वेळी हक्काने टेकू देत होता, ती माणसं कालांतराने जास्त स्वतंत्रपणे वावरू लागली. आधार दिला की माणूस परावलंबी होतो, हा आपला समज इथे उलटा पडतो. घरी परतायची जागा पक्की असेल तर माणूस निर्धास्त बाहेर पडतो.

तरीही खोटा दिलासा देऊ नये. कधीकधी माणूस खरंच दूर जातो. नवऱ्याचा मित्रांचा कट्टा पिण्यावरच उभा असेल तर दारू सुटल्यावर ते मित्र सुटतात. शिकलेली मुलगी काही प्रश्न विचारू लागते आणि काही उत्तरं तिला पटत नाहीत. त्याचं दुःख होणं साहजिक आहे. ते बोलून दाखवावं, "मला भीती वाटते" अशा सरळ शब्दांत. टोमण्यातून काढू नये.

घसरण झाली तर?

"एकवीस दिवस केलं की सवय लागते" हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकू येतं की बाविसाव्या दिवशी चुकलेल्या माणसाला आपणच नालायक आहोत असं वाटतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज एक साधी गोष्ट करण्याची सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरले, तर कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. आणि ही पाणी पिणं, चालायला जाणं यांसारख्या सवयींची गोष्ट, व्यसनाची नव्हे.

व्यसन सोडताना घसरगुंडी इतकी नेहमीची आहे की जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे यांनी 1983 साली सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाच्या पायऱ्या मांडल्या तेव्हा परत मागे येणं हाही त्या वाटेचा भाग धरला. या पायऱ्या प्रत्यक्षात इतक्या आखीव नसतात, अशी टीका पुढे झाली आणि ती योग्य आहे. पण घरच्यांना उपयोगी पडेल एवढं त्यातून नक्की घेता येतं: ज्याने अजून सोडायचं ठरवलेलंच नाही त्याला व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता हातात कोंबून उपयोग नाही, आणि ज्याने ठरवलं आहे त्याच्यासमोर पुन्हा कॅन्सरचे फोटो धरूनही नाही. घसरल्यावर "मला माहीतच होतं" हे वाक्य गिळून टाकावं. "कधी, कुठे झालं? पुढच्या वेळी काय करू या?" एवढं विचारावं.

"मग दारू, मार, कर्ज, सगळं चालवून घ्यायचं?"

नाही. इथे मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे, कारण समजूतदारपणाच्या नावाखाली बायकांनी आजवर पुष्कळ सोसलं आहे.

साथ देणं आणि पांघरूण घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवरा दारू पिऊन पडला म्हणून बायकोने साहेबांना फोन करून "ताप आलाय" सांगणं, मित्रांकडून घेतलेली उसनवारी गुपचूप फेडणं, रात्रीची ओकारी सकाळी त्याच्या उठण्याआधी पुसून ठेवणं, यामुळे पिण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी कुटुंबीयांसाठी एक पद्धत विकसित केली, 'क्राफ्ट' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात घरच्यांना तीन गोष्टी शिकवतात. तो न प्यालेला असताना त्याच्याशी मायेने वागा, त्याला आवडतं ते करा. प्यालेला असताना वाद घालू नका, बाजूला व्हा, आणि परिणाम त्याचे त्याला भोगू द्या. आणि स्वतःचं आयुष्य, स्वतःची सुरक्षितता आधी सांभाळा. 1999 साली 130 कुटुंबीयांवर झालेल्या अभ्यासात या पद्धतीने शिकलेल्यांपैकी 64 टक्के जणांनी उपचाराला नकार देणाऱ्या आपल्या माणसाला उपचारापर्यंत आणलं. सगळ्यांनी मिळून त्याला घेराव घालून सुनावायचं, या जुन्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होतं.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली अनिल आणि अनिता अवचटांनी उभं केलं. तिथेही घरच्यांना उपचारात धरलं जातं, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे, तो याच कारणासाठी. बायकोने पंधरा वर्षं जे झेललं त्याचे वण तिच्यावरही असतात. नवरा सुधारून आला की ती आपोआप बरी होत नाही, आणि तिने पहिल्याच दिवशी त्याच्या हातात पगाराचं पाकीट द्यावं ही अपेक्षाही अन्यायाची आहे. विश्वास परत यायला वेळ लागतो आणि तो वेळ मागायचा तिला पूर्ण हक्क आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम, डॉक्टरांना न विचारता दारू तोडली तर फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. म्हणून "उद्यापासून एक थेंब नाही" अशी शपथ घरात घालण्यापेक्षा डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आहे. आणि घरात हात उचलला जात असेल तर त्याच्या बदलाची वाट बघत बसू नका. महिला हेल्पलाइन 181 आहे, तातडीची मदत 112 वर मिळते. मारणाऱ्याला बदलायचं असेल तर तो बदलेल, पण तोपर्यंत तुम्ही त्याच्या हाताच्या टप्प्यात राहायलाच हवं असं नाही.

आणि साथ देणाऱ्याचं काय?

त्या सासूबाईंनी मटकी भिजवली, भाजी चिरली. पण त्यांची गुडघेदुखी कोणी विचारली? घरातला एकजण वाढत असताना वाढीव काम कोणाच्या तरी अंगावर पडतं, आणि आपल्या घरांत ते बहुतेक वेळा दुसऱ्या बाईच्याच अंगावर पडतं. आईच्या परीक्षेसाठी मुलीने शाळा बुडवून धाकट्याला सांभाळायचं, असं झालं तर एकीच्या वाढीची किंमत दुसरीने मोजली. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधीच घरात सगळ्यांनी बसून, मुलग्यांनाही बसवून, कामांची यादी करावी. कपडे कोण वाळत घालणार, दळण कोण आणणार, धाकट्याला शाळेत कोण सोडणार, परीक्षेच्या महिन्यात डबा विकत लावायचा का, त्याचे पैसे कुठून काढायचे. दर महिन्याला ही यादी पुन्हा बघावी, कारण पहिल्या महिन्याचा उत्साह तिसऱ्या महिन्यात राहत नाही. आणि ज्याला झेपत नाही त्याने "मला जमत नाहीये" असं त्या बैठकीतच म्हणावं.